लाल लुगड्याचं पोस्टर

समजा, तुमच्या पुढ्यात एक मोठा कोरा कागद ठेवला आहे. सोबत तीन रंग. तीनच. या कागदावर एक गोष्ट सांगायची, पण एकही अक्षर लिहायचं नाही आणि कुणाचा चेहरा काढायचा नाही. गोष्टीच्या शेवटी एक बाई लाल लुगडं नेसून दारात येऊन उभी राहते. आता घाई न करता ते दार डोळ्यांसमोर आणा. तो लाल रंग बघा. बाईच्या मागे घरात काय चाललं असेल? कुणी हसतंय? काही शिजतंय?

तुम्हाला जे दिसलं ते लक्षात असू द्या. ते बरोबर की चूक, हे मी आत्ता विचारत नाही. वल्लरीला काय दिसलं, त्याची ही गोष्ट आहे.

वल्लरी नववीत होती. तिचे बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला, आणि घर आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. जन्म दिल्लीचाच. घरात मराठी, जिन्यात हिंदी, आणि भावाशी भांडण लागलं की दोन्ही. जवळच्याच शाळेत मराठी विषय घेता येत असे. तो घेणारी नववीची मुलं इतकी थोडी की त्यांना वर्ग मिळायचा नाही. चित्रकलेच्या खोलीत, रंगांच्या डब्यांच्या कपाटाशेजारी त्यांचा तास चालायचा.

त्यांना शिकवायच्या प्रमोदिनी बाई. शाळेत बाकी सगळ्यांना ‘मॅम’ म्हणायचं, पण या बाईंना ‘बाई’च म्हणायचं, असा त्यांचा लाडका हट्ट होता. जुनी कविता शिकवताना पोरांचे डोळे मिटायला लागतात, हे त्यांनी बरीच वर्षं पाहिलं होतं. त्या चिडल्या नाहीत. चित्रकलेच्या खोलीत बसून बसून त्यांना एक युक्ती सुचली.

“या वेळी अर्थ लिहायचा नाही,” त्या म्हणाल्या. “अर्थ दाखवायचा. पोस्टर करायचं.”

कविता एका अनाम कवीची होती. पानिपतच्या लढाईला गेलेला एक शिलेदार आणि मागे राहिलेली त्याची बायको, एवढीच गोष्ट. बाईंनी सगळ्यांना तीन-तीन पानांच्या झेरॉक्स प्रती दिल्या. पानिपत म्हटल्यावर वल्लरीला आठवल्या त्या चादरी. दर दिवाळीआधी आई-बाबा गाडी काढून हायवेने तिकडे जायचे आणि डिकी भरून चादरी, पडदे, पायपुसणी आणायचे. तिथल्या लढाईत एवढी माणसं मेली होती, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. पण ते पाठ केलेलं होतं.

“नियम ऐका,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या प्रसंगाचं पोस्टर. अक्षर नको, चेहरा नको. रंग तीन. आणि रंग तुमच्या आवडीचे नकोत, कवितेतून उचलायचे. आधी मला रंगपट्टी करून दाखवा. तीन चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाखाली तो रंग ज्या ओळीतून घेतला ती ओळ.”

“बाई, कवितेत रंग कमी असले तर?” रेवतीने विचारलं. रेवती वल्लरीची मैत्रीण. रोज फरीदाबादहून मेट्रो बदलत यायची आणि डोक्यात आलेला प्रश्न तोंडातून बाहेर काढल्याशिवाय तिला चैन पडायची नाही.

“कमी असले तर जास्त बघायचं,” बाई म्हणाल्या.

आता वल्लरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती या कामात खरोखरच हुशार होती. शाळेच्या खेळांची, नाटकाची, वनस्पती मेळ्याची, सगळी पोस्टरं तीच करायची. कागदावर कुठे मोकळी जागा सोडायची, नजर कुठून कुठे न्यायची, हे तिला कुणी न शिकवता कळायचं. तिच्याकडे बाबांचा जुना टॅबलेट होता आणि त्यावर तिचं बोट असं चालायचं की बाकीची मुलं मागे उभी राहून बघत बसायची.

पहिलं पान तिने वाचलं. ते सोपं होतं. शिलेदार निघतो, बायको त्याच्या घोड्याच्या कपाळाला हळद लावते. तिच्या हातात हिरव्या बांगड्या. पिवळा झाला, हिरवा झाला. दुसरं पान तिने उघडलं आणि पहिल्या चार ओळींत तीन शब्द अडले. ते तिने मागे सरकवलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती:

लाल लुगडे नेसुनि आली, उभी राहिली दारी.

“मिल गया,” ती स्वतःशी म्हणाली.

म्हणजे तो परत आला. म्हणून ती नटली आणि दारात येऊन उभी राहिली. सरळ आहे. दिल्लीतल्या कुठल्याही लग्नात जा, नवरी लालच असते. वल्लरीने तीन चौकोन रंगवले, खाली ओळी लिहिल्या आणि रंगपट्टी बाईंच्या टेबलावर ठेवली.

बाईंनी चष्मा वर करून पाहिलं. “छान. रंग नेमके उचललेस. मधलं पान वाचलंस ना?”

“हो बाई.”

एवढंच. इतकं सहज निघालं तोंडातून की तिला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. वाचणारच होती ती, घरी गेल्यावर.

घरी गेल्यावर तिने टॅबलेट उघडला. मधोमध कमान, कमानीत लाल लुगड्यातली पाठमोरी आकृती, पदर वाऱ्यावर. कमानीला झेंडूची पिवळी तोरणं. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. लाल, पिवळा, हिरवा. तीनच रंग, तिन्ही कवितेतले, चेहरा नाही, अक्षर नाही. रुचिता, म्हणजे तिची आई, मागून बघून म्हणाली, “किती गोड गं! फ्रेम करायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी रेवतीने तिचं पोस्टर आणलं. चार्ट पेपरवर पोस्टर कलरने केलेलं. खाली, अगदी कडेला, हिरवे बारीक तुकडे सांडल्यासारखे. एका कोपऱ्यात पिवळा, पुसट, पुसून टाकल्यासारखा एक डाग. आणि बाकी सगळा कागद भरून लालचा एक उभा चौकोन. कडा सरळ नव्हत्या. काठ नव्हता, पदर नव्हता. काही नव्हतं.

“हे काय आहे?” वल्लरी म्हणाली.

“ती आहे.”

“कोण ती? यार, ही तर वीट आहे. विटेवर कुणीतरी धणे सांडलेत.”

मुलं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, “लाल, पिवळा, हिरवा! ट्रॅफिक सिग्नल!” आणि ते नाव चिकटलं. त्या आठवड्यात रेवती वर्गात आली की कुणीतरी “रुको, रुको, लाल आहे” म्हणायचं.

रेवतीही काही गप्प बसणारी नव्हती. “हसा. वाचता येत नाही त्यांनी हसायचंच असतं,” ती म्हणायची. पण डबा खाताना ती वल्लरीजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, “ऐक ना. ते लाल आहे ना, ते तू समजतेस तसं नाहीये. मी पण आधी तसंच समजले होते. मग मधलं पान वाचून मला काहीतरी गडबड वाटली, म्हणून मी बाईंना विचारलं, तर त्या—”

“रेवती, तू आधी सरळ रेषा मारायला शीक,” वल्लरी म्हणाली. “डिझाइनचं मी बघते.”

रेवतीने डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेली.

आर. के. पुरममधल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम जवळ आला होता. दरवर्षी हळदीकुंकू आणि तिळगूळ असायचा. या वर्षी, पानिपतच्या लढाईचा दिवस संक्रांतीचाच म्हणून, मुलांच्या पोस्टरांचं प्रदर्शनही तिथेच लावायचं ठरलं. मंडळाच्या चिटणीस नीलाकाकू शाळेत आल्या. प्रमोदिनी बाई त्या दिवशी नव्हत्या. भाचीच्या लग्नासाठी त्या आदल्या संध्याकाळीच नागपूरला गेल्या होत्या. पूर्ण झालेली पोस्टरं पाहायची त्यांची राहूनच गेली होती. परत आल्यावर मांडणीच्या वेळी बघू, असं त्या म्हणाल्या होत्या.

नीलाकाकूंनी सगळी पोस्टरं पाहिली आणि वल्लरीच्या पोस्टरसमोर थांबल्या.

“अगं, हे तर रेडीमेड निमंत्रण आहे! लाल, पिवळा, झेंडू, चुडा. हळदीकुंकवाचं आणि प्रदर्शनाचं एकातच. कवितेवरचं आहे ना?”

“हो काकू. शेवटचा प्रसंग.”

“बिल्कुल फायनल.”

दुसऱ्या दिवशी ते निमंत्रण मंडळातल्या सगळ्यांच्या फोनवर गेलं. काहींच्या घरी छापून गेलं. वल्लरीच्या आईला दिवसभर फोन येत होते. नीलाकाकूंनी तर सांगितलं की त्यांच्या सासूबाईंनी, हेमलताआजींनी, निमंत्रण दोनदा मागून घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ पाहत बसल्या. “इतकं आवडलंय त्यांना. उद्घाटन त्यांच्याच हातून करायचं आहे, तर तूच समजावून सांग हं.”

प्रमोदिनी बाईंच्या फोनवरही ते आलं होतं. पण लग्नघरात चष्मा कुठे आणि फोन कुठे. चित्र न उघडताच त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवून दिली.

प्रदर्शनाची मांडणी साहजिकच वल्लरीकडे आली. तिने आदल्या दिवशी हॉलमध्ये भिंती मोजल्या, दोऱ्या बांधल्या, आपलं पोस्टर मोठं छापून समोरच्या भिंतीवर मधोमध लावलं. बाकीची दोन्ही बाजूंना. रेवतीचं उरलं. जागा होती. दुसऱ्या ओळीत सहज बसलं असतं. पण त्या लाल चौकोनाने शेजारच्या सगळ्या चित्रांचा तोल जात होता, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते दाराच्या मागच्या भिंतीवर लावलं. दार उघडं असलं की ते पोस्टर दाराआड जायचं. आणि कार्यक्रमभर दार उघडंच राहणार होतं.

मधल्या टेबलावर कवितेची पानं ठेवायची होती, येणाऱ्यांना वाचता यावीत म्हणून. वल्लरीने स्वतःचीच प्रत ठेवली. पहिल्या पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, तिसऱ्यावर होत्या. मधलं पान दुकानातून आल्यासारखं कोरं करकरीत होतं.

संक्रांतीला सकाळी इतकं धुकं होतं की समोरच्या इमारतीतले दिवे तेवढे दिसत होते. हॉलमध्ये मात्र गर्दी झाली. बायका स्वेटरवर काळ्या साड्यांचे पदर सावरत येत होत्या, मुलं तिळाच्या वड्या पळवत होती. रेवती फरीदाबादहून उशिराच पोचली. आत आली, भिंतीवरून नजर फिरवली, मग मागे वळून दाराकडे पाहिलं. तिळगुळाच्या ताटापाशी जाऊन उभी राहिली.

हेमलताआजींना आणून खुर्चीत बसवलं. पंचाऐंशीच्या पुढच्या असतील. पांढरे केस, राखाडी शाल. नीलाकाकूंनी त्यांच्या हातून दिवा लावून घेतला आणि वल्लरीला पुढे ढकललं. “सांग आजींना.”

आजी पोस्टरकडे बघत होत्या. “तू काढलंस?”

“हो आजी.”

“हात चांगला आहे तुझा. ही कोण?”

वल्लरीने तयारी केली होती. “आजी, ही त्या शिलेदाराची बायको. तो पानिपतला जातो ना, तर शेवटी तो परत येतो. म्हणून ती नवरीसारखी लाल नेसते आणि दारात उभी राहते. हे पिवळं म्हणजे पहिल्या पानातली हळद, हा चुडा म्हणजे—”

“परत येतो?” आजींनी विचारलं. “कवितेत असं लिहिलंय?”

“म्हणजे… लिहिलेलं नाही. पण कळतं ना, लाल नेसली म्हणजे.”

आजींनी वल्लरीचा हात धरून तिला खुर्चीशेजारी बसवलं, लहान मुलाला बसवतात तसं.

“माझी एक आत्या होती,” त्या म्हणाल्या. “मी परकरी असताना ती आमच्याकडेच असायची. ती कायम लाल नेसायची. एकच जाडंभरडं लाल लुगडं, डोक्यावरून घट्ट. मला वाटायचं, हिच्याकडे दुसरं नाहीच का? एकदा मी तिला म्हटलं, आत्या, तू रोज नवरी होतेस. आईने माझ्या पाठीत असा धपाटा घातला!” त्या किंचित हसल्या. “आत्याने नाही मारलं. ती म्हणाली, हो गं, रोजच.”

वल्लरीला अजून कळलं नव्हतं. पण आजूबाजूच्या बायका एकेक करून बोलायच्या थांबल्या होत्या.

“आता नवरा गेला की पांढरं, असं सिनेमात दाखवतात,” आजी म्हणाल्या. “आमच्या घरात, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत, तसं नव्हतं. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, केस काढायचे आणि ते लाल द्यायचं नेसायला. आलवण म्हणायचे त्याला. ते मरेपर्यंत अंगावर. मग ती बाई हळदीकुंकवाच्या दिवशी पुढच्या खोलीत यायची नाही. मागे स्वयंपाकघरात असायची.”

त्यांनी पुन्हा पोस्टरकडे पाहिलं. “तू तिला झेंडू लावलेस. चुडा घातलास. आणि निमंत्रणावर सगळ्यांत पुढे आणून बसवलंस. मी घरी बघत बसले होते ना, तर मला कळेना की या पोरीने कळून केलंय की न कळता.”

वल्लरीच्या हातात आजींचा हात होता, तो सोडवावा की धरून ठेवावा हेही तिला सुचेना. समोर तिचं पोस्टर होतं. तेच रंग, तेच तोरण, सकाळपर्यंत सुंदर असलेलं. आता त्यातला चुडा तिला बघवत नव्हता. एका बाईच्या सगळ्यांत वाईट दिवशी आपण तिला नटवून, वाऱ्यावर पदर उडवून उभं केलं, आणि त्याची पत्रिका वाटली. आईने ते निमंत्रण पुण्याच्या आत्याला पाठवलं होतं. फ्रिजवर लावलं होतं.

“आजी, मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“तुला कुठून माहीत असणार, बाळा. दिल्लीत वाढलीस. आता कुणी नेसतही नाही.”

तेवढ्यात दारातून प्रमोदिनी बाई आल्या. आदल्या दिवशी पोचायची गाडी धुक्यामुळे रात्रभर कुठे कुठे थांबत आली होती. बाई निजामुद्दीन स्टेशनवरून घरी न जाता सरळ इथेच आल्या होत्या, बॅग हातात, केस विस्कटलेले. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि दोन पावलं टाकून थांबल्या. मग आजींकडे, मग वल्लरीकडे. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही.

त्यांनी बॅग खाली ठेवली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “मला एक मिनिट बोलू द्या. या पोस्टरमध्ये चूक आहे, आणि ती वल्लरीची नाही. माझी आहे. लाल लुगड्याचा अर्थ मी सगळ्या वर्गाला सांगायला हवा होता. एका मुलीने विचारलं, तिला सांगितला. बाकीच्यांनी मधलं पान वाचलंय, म्हणजे त्यांनाही उमगलं असेल, असं गृहीत धरलं. पोस्टर पुरं झाल्यावर पाहिलं नाही. निमंत्रण फोनवर आलं, तेही उघडून पाहिलं नाही. आजी, मी तुमची माफी मागते. शिकवणं माझं काम होतं, ते कमी पडलं.”

“अहो बाई, काय हे!” नीलाकाकू घाईघाईने म्हणाल्या. “मी छापलं ना, मला तरी कुठे कळलं? मुलं आहेत, चलता है. आणि चित्र तर सुरेखच आहे. चला, तिळगूळ घ्या सगळ्यांनी.”

“पोरगी केवढीशी झाली बघा,” कुणीतरी म्हणालं. “अगं, रडू नकोस. तुझा काय दोष?”

वल्लरी रडत नव्हती. सगळेजण तिला सोडवत होते. दिल्लीत वाढली, सांगितलं नाही, आता कुणी नेसत नाही. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. बाई उभ्या होत्या, रात्रभराच्या प्रवासाने डोळे लाल, आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून. ‘मधलं पान वाचलंय’ असं म्हणाल्या होत्या त्या. कुणाच्या शब्दावर?

तिने रेवतीकडे पाहिलं. ती आपल्याला सांगायला आली होती, हे माहीत असलेली तिथे तेवढी एकच होती. रेवती एका वाक्यात सगळं सांगू शकली असती, आणि एरवी तिच्या तोंडात काही राहत नाही. पण रेवती ताटातल्या वड्या उगाच नीट रचत होती. तिने वर पाहिलंच नाही.

कुणीतरी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, असं वल्लरीला वाटलं. ओरडा खाऊन घरी जाता येतं.

बाईंनी बॅग उचलली होती. बायका पांगायला लागल्या होत्या. आणखी थोडा वेळ ती गप्प राहिली असती, तर ते सगळं तिथेच मिटलं असतं.

“बाई,” ती म्हणाली. “बाई, तुम्ही विचारलं होतंत.”

“काय गं?”

“मधलं पान वाचलंस का, म्हणून. मी हो म्हटलं होतं. मी वाचलं नव्हतं.” तिला आजींकडे बघता येत नव्हतं, म्हणून ती बाईंच्या बॅगेच्या पट्ट्याकडे बघत बोलत होती. “अजूनपण नाही वाचलेलं. ते कठीण होतं, म्हणून सोडून दिलं. आणि रेवती मला सांगायला आली होती. मी तिला सांगू दिलं नाही. तिचं पोस्टर… ते मी मुद्दाम दाराच्या मागे लावलं.”

नीलाकाकू मागे वळून दाराकडे बघायला लागल्या.

बाई ‘असू दे’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी वल्लरीकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिने तो सहज झेलला असता. मग त्या खुर्ची ओढून हेमलताआजींच्या शेजारी बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “बरं.”

आता पुढे काय करायचं, हे कुणीच सांगणार नव्हतं.

वल्लरी दारापाशी गेली. बाहेरून आणखी दोघी-तिघी येत होत्या, त्यांना म्हणाली, “काकू, पटकन आत या, प्लीज.” त्या आल्यावर तिने दार लोटलं, कडी घातली. दारामागची भिंत उघडी झाली. त्यावर रेवतीचं पोस्टर. वाकड्या कडांचा तो उभा लाल चौकोन, ज्याला चेहरा नव्हता, काठ नव्हता, हात नव्हते. एका कोपऱ्यात पुसलेली हळद. खाली, पायांशी, हिरव्या काचा.

हेमलताआजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागल्या. बाईंनी त्यांना आधार दिला. दोघी हळूहळू त्या भिंतीपाशी आल्या. आजींनी चौकोनाकडे पाहिलं, मग वाकून त्या हिरव्या तुकड्यांकडे. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

वल्लरी मधल्या टेबलाकडे गेली आणि आपल्या प्रतीतलं कोरं पान काढून घेऊन आली. रेवतीच्या समोर उभी राहिली. कान इतके तापले होते की स्वतःचाच आवाज तिला लांबून येत होता.

“अडलं की सांगशील?” तिने विचारलं.

रेवतीने हातातली वडी ताटात ठेवली. “पुष्कळ अडेल,” ती म्हणाली.

“माहितीये.”

रेवती आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली, जरा अंतर ठेवून. वल्लरीने पान दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्यांसमोर, लाल चौकोनाकडे तोंड करून, मोठ्याने वाचायला लागली.

“कंकणे वेचिली अंगणी… फणी ठेविली को… को…”

“कोनाडी,” रेवती म्हणाली. “भिंतीतला कोनाडा.”

“फणी ठेविली कोनाडी,” वल्लरीने पुन्हा म्हटलं, आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.